मला बिअर कोणी लावली

मला बिअर माझ्या नवऱ्यानं लावली. वाक्य तसं साधं आहे. पण ते चारचौघांत त्याच्या तोंडून निघावं म्हणून मी जितकी वर्षं वाट पाहिली, तेवढ्यात आमच्या चंदनसारला माळ जाऊन इमारती उभ्या राहिल्या. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना मात्र एकेरीच बरं पडतं, तेवढी चैन मी करून घेणार आहे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लग्न करून आम्ही विरार पूर्वेला, चंदनसारला राहायला आलो तेव्हा इमारतीतले निम्म्याहून जास्त फ्लॅट रिकामे होते. जिन्याला कठडा नव्हता आणि पाणी टँकरनं यायचं. सासूबाई कोकणात, माझं माहेर साताऱ्याकडे. तो मुंबईत ऑफिसला जायचा आणि मी माणिकपूरच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. शनिवारी आम्ही दोघंही लवकर घरी यायचो आणि मग करायचं काय, असा प्रश्न पडायचा. टीव्हीसुद्धा नव्हता.

अशाच एका शनिवारी त्यानं ऑफिसच्या बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली. मी घाबरले. तो म्हणाला, "अगं, बिअर म्हणजे काय दारू आहे का? बार्लीचं पाणी ते. डॉक्टरसुद्धा देतात." फ्रीज नव्हता, म्हणून बाटलीला ओला टॉवेल गुंडाळून ती बादलीत उभी केली आणि संध्याकाळपर्यंत तो दर थोड्या वेळानं टॉवेल भिजवत राहिला. काचेचे ग्लासही नव्हते. रुखवतातले स्टीलचे पेले काढले. त्यानं मला शिकवलं की पेला तिरका धरायचा, बाटलीची धार आतल्या बाजूनं सोडायची, म्हणजे नुसता फेस होत नाही. पहिला घोट घेऊन मी जे तोंड केलं त्यावर तो पोट धरून हसला. कारली चिरून मीठ लावल्यावर जे पाणी सुटतं, तेच कोणीतरी गार करून दिल्यासारखं वाटलं मला.

पण पुढच्या शनिवारी मीच विचारलं, आज नाही का आणली?

हळूहळू चव कळायला लागली. कुठली बाटली नुसतीच कडू आणि कुठल्या कडूपणाच्या मागून थोडं गोड येतं, हे मी त्याच्याआधी सांगायची. खारे दाणे खाल्ले की तोंड आणखी कडू होतं, साधे फुटाणे बरे, हा शोधही माझाच. स्ट्राँग त्याला आवडायची, मला माइल्ड. एका बाटलीत दोघं, त्यामुळे कोणाला चढायचा प्रश्नच नव्हता. मला खरं वेड होतं ते त्या तासाभराच्या बोलण्याचं. एरवी 'भाजी काय आहे' आणि 'वीजबिल भरलंस का' एवढंच बोलणारा हा माणूस हातात पेला आला की माझ्याशी बोलायचा. साहेबाच्या तक्रारी सांगायचा आणि 'तू असतीस तर काय केलं असतंस' असं विचारायचा. लग्नातलं सुख कशात होतं असं कोणी विचारलं तर मी त्या शनिवारांकडे बोट दाखवीन.

मग इमारत भरली. त्याच्या ऑफिसातल्या तिघांनी आसपास घरं घेतली, आमच्याकडे फ्रीज आला, काचेचे सहा ग्लास आले. तिघं पहिल्यांदा आमच्याकडे बसायला आले त्या शनिवारी मी पाचवा ग्लासही पुसून ठेवला होता. तो स्वयंपाकघरात आला, तो ग्लास परत कपाटात ठेवला आणि हळूच म्हणाला, "आज नको. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, ठीक आहे, पहिलीच वेळ आहे. पापड तळत असताना बाहेरून कोणीतरी विचारलेलं ऐकू आलं, "वहिनींना चालतं ना आपलं हे असं बसलेलं?" त्यावर माझा नवरा म्हणाला, "अरे, चालतं म्हणजे काय, तिला वाससुद्धा सहन होत नाही. पण माझ्यासाठी करते बिचारी."

बिचारी! तेल तापलेलं होतं, नाहीतर मी बाहेर गेले असते.

त्यानंतर दर शनिवारी तेच. पडदे ओढायचे, दार लावायचं आणि मी आत. जवळ्यासारखी बारीक कोलीम परतून दे, अंडी उकडून दे, बर्फाचा ट्रे काढून दे. जाताना तिघं न चुकता म्हणायचे, "वहिनी, तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." हळदीकुंकवाला त्यांच्या बायका नवऱ्यांच्या पिण्याची गाऱ्हाणी सांगायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, तुम्हाला तर वाससुद्धा सहन होत नाही, कसं काढता हो? माझी कीर्ती पसरली होती. मी त्याला किती वेळा सांगितलं, मला पाजू नकोस पाहिजे तर, पण एकदा खरं सांग. मीही घेते, तुझ्याबरोबर घेत होते, एवढंच म्हण. तो म्हणायचा, "कशाला विषय वाढवतेस?"

शाळेत माझी एक मैत्रीण होती, वसईकडच्या भुईगावची, ख्रिस्ती. माझ्याच वयाची, गणित शिकवायची आणि मोठ्यानं हसायची. गावच्या चर्चच्या सणाला तिनं आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं. ऐन वेळी नवऱ्याला काम निघालं आणि मी एकटीच गेले. चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपून सगळे घरी आले होते. ओटीवर बाकडी टाकली होती, आतून मटणाचा आणि मैद्याच्या तळलेल्या गोल फुग्यांचा वास येत होता. मैत्रिणीचे वडील बिअरची बाटली घेऊन फिरत होते आणि पहिला ग्लास त्यांनी आपल्या बायकोला दिला. लुगडं नेसलेली, केसांत फूल माळलेली म्हातारी. तिनं तो घेतला, नवऱ्याच्या ग्लासाला टेकवला आणि पहिला घोट घेऊन नातवंडाला ओरडली, पायरीवरून उतर म्हणून. सगळं उघड्यावर, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

मी पाणी मागितलं तर म्हातारी म्हणाली, "सणाला नुसतं पानी काय पितेस? घे थोडी जेवाच्या आधी. नको तर नको, जबरी नाय." मी ग्लास घेतला, म्हातारी ओतायला लागली तसा तिरका धरला आणि मैत्रीण हसत सुटली. "अगं, तुला तर येतं की! कोणी शिकवलं?" मी म्हटलं, नवऱ्यानं. ती म्हणाली, "चांगला आहे की मग नवरा." मला जेवताना सारखा त्या म्हातारीचा हेवा वाटत राहिला.

पुढच्या आषाढात अमावास्या आली. आमच्या घरी त्या दिवशी दोन सण असतात. दुपारी माझा, संध्याकाळी त्याचा. मी चिंच लावून समया घासल्या, गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून दिवे उकडले आणि पाटावर सगळे दिवे मांडून पूजा केली. संध्याकाळी त्याची गटारी. उद्यापासून श्रावण म्हणून आज पोटभर पिऊन घ्यायचं. मी भुईगावला जेवून आले त्याची परतफेड म्हणून त्यानं त्या वर्षी माझ्या मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं होतं. ती दोघं केळ्यांचा घड घेऊन आली. तिला आमची पद्धत ठाऊक नव्हती. ती सरळ बाहेरच्या खोलीत नवऱ्याशेजारी खुर्चीत बसली आणि समोर आलेला ग्लास तिनं घेतला.

तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एकानं उगाच पंख्याकडे बघितलं. माझी मैत्रीण मला हाक मारून म्हणाली, "अगं, आत काय करतेस? ये ना, बस आमच्यात."

"तिला वाससुद्धा सहन होत नाही," नवरा म्हणाला.

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. बोलायचं की नाही हे तिनं माझ्यावर सोडलं, हा तिचा चांगुलपणा. मी गॅस बंद केला, कपाटातून ग्लास घेतला, बाहेर येऊन मोकळ्या खुर्चीत बसले आणि स्वतःला बिअर ओतून घेतली. फेस बोटभरही आला नाही. आणि म्हटलं, "ह्यांनीच शिकवलंय मला. आम्ही दोघं दर शनिवारी घ्यायचो."

त्या क्षणी तो नुसता 'हो' म्हणाला असता तरी पुढचं काही झालं नसतं. तो हसला. "काहीतरीच काय! कधी?" आणि मग माझ्या मैत्रिणीकडे बघत, गमतीच्या सुरात म्हणाला, "ही सगळी तुमच्या भुईगावची कृपा दिसतेय." तिघं मोठ्यानं हसले. त्यांची सुटका झाली होती. मैत्रिणीचा नवरा हसला नाही. ती दोघं न जेवताच निघाली आणि माझे दिवे कोणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या आईशी फोनवर बोलला, त्यात आदल्या रात्रीचा विषय निघाला, मी तिथेच उभी होते. "नाही गं, हिला कुठली सवय! शाळेतली एक ख्रिश्चन बाई आहे, तिनं लावलं." फोन ठेवल्यावर मी विचारलं, आणि आपले शनिवार? तो म्हणाला, "ते वेगळं. तेव्हा बघायला कोण होतं?"

तिघांपैकी एकाची बायको आमच्याच शाळेच्या ऑफिसात होती. आठवड्याभरात शिक्षकखोलीत सगळ्यांना कळलं की गणिताच्या बाई दुसऱ्यांच्या बायकांना पाजतात. दोन पालक तक्रार घेऊन आले. मुलींची सहल दरवर्षी तीच न्यायची, ती तिच्याकडून काढून घेतली. मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं, लग्नानंतर, माझ्या घरात. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, मैत्रिणीसाठी नवऱ्याला बदनाम करू नये."

मग मी नवऱ्याच्या पाया पडायची तेवढी राहिले. म्हटलं, एकदा शाळेत ये, माझ्यासाठी नको, तिची अब्रू चाललीय म्हणून ये. तो म्हणाला, "मी शाळेत येऊन काय सांगू, बायकोला मी दारू पाजली म्हणून? डोकं फिरलंय तुझं." त्याला राग आला होता, खराखुरा. आपल्यावर अन्याय होतोय असं त्याला वाटत होतं.

वर्ष संपायच्या आत मैत्रिणीनं दुसरी शाळा बघितली. निघताना ती माझ्याशी भांडली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "माझ्या आईनं ओतलेला ग्लास होता तो. ती अजून विचारते, मी काय वाईट केलं म्हणून." त्यानंतर सणाचं बोलावणं आलं नाही. मीही कुठल्या तोंडानं जाणार होते?

दिवस गेले. नवं शतक लागलं आणि बघता बघता सगळं चालायला लागलं. ज्या बायका हळदीकुंकवाला गाऱ्हाणी सांगायच्या त्याच आता खुशाल वाइनचा ग्लास धरून फोटो काढून घ्यायला लागल्या. तिघांपैकी एकानं वसईत मोठा फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांना जोडीनं बोलावलं. पडदे उघडे होते. त्याच्या सुनेनं स्वतः सगळ्यांना विचारत विचारत माझ्यापर्यंत येऊन म्हटलं, "काकू, तुम्ही काय घेणार? बिअर? खरंच? किती मस्त!"

मी काही म्हणायच्या आत माझा नवरा खुर्चीतून पुढे सरकला. "अगं, मस्त काय? मीच शिकवलंय हिला!"

आणि त्यानं सगळं सांगितलं. रिकामी इमारत, बादलीत उभी केलेली बाटली, रुखवतातले पेले, माझं वेडंवाकडं तोंड. पुढच्या शनिवारी मीच कसं विचारलं, तेसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. म्हणजे इतकी वर्षं सगळं लख्ख आठवत होतं त्याला. लोक हसत होते, सून म्हणाली, काका किती पुढारलेले होते तुम्ही त्या काळात, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. मला जे हवं होतं ते सगळं त्यानं दिलं, चारचौघांत, मोठ्या आवाजात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे ऐकायला आज भुईगावची ती इथं पाहिजे होती."

नवऱ्यानं हसत हसतच माझ्याकडे वळून विचारलं, "कोण गं?"