एकमताने सर्दी

“मॅडम, सगळ्यांच्या वतीने एकाचीच सही चालेल ना?”

विचारत होता दिनेश. मनवेलपाड्यातल्या एका गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. मागे मंडळाचे कार्यकर्ते, सगळे एकसारख्या टी-शर्टात. एकाच्या हातात नारळ. तो आमच्या वॉर्डाच्या दारात फोडायचा होता.

मी वसईतल्या एका हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. औषधांच्या चाचण्यांसाठी माणसं जमवायची, त्यांना समजावायचं, सांभाळायचं. तेव्हा आमच्याकडे चॅलेंज स्टडी होता. नाव भारी, काम उफराटं. धडधाकट माणसाच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब मुद्दाम घालायचे, आठवडाभर त्याला एकट्याला खोलीत ठेवायचं आणि आधी दिलेली लस काम करते का ते बघायचं. त्यासाठी त्याची समजून-उमजून दिलेली परवानगी लागते. तिला कन्सेंट म्हणतात. ज्याचं नाक, त्याचीच सही.

“नाही चालणार,” मी म्हटलं. “प्रत्येकाने एकेकट्याने आत यायचं.”

“अहो, पण ठराव झालाय! कार्यकारिणीत. एकमताने.”

“सर्दी व्हावी म्हणून ठराव?”

“समाजकार्य आहे मॅडम. रक्तदान दरवर्षीचंच. यंदा म्हटलं, काहीतरी वेगळं करू.”

आमचे सर, म्हणजे स्टडीचे मुख्य डॉक्टर, एकदम खूश. माणसं मिळत नव्हती आणि कंपनीवाले रोज फोन करून डोकं खात होते.

“अगं, घेऊन टाक सह्या. देवासारखे आलेत.”

“आले नाहीत सर, आणलेत.”

सरांचं तोंड वाकडं झालं. मी पहिल्याला आत बोलावलं. ताप येईल, डोकं ठणकेल, क्वचित जास्तही त्रास होईल, सगळं सांगितलं. शेवटी नेहमीचं वाक्य म्हटलं, “तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. कारण द्यावं लागत नाही. बाहेर कोणालाही कळणार नाही.”

त्याने दाराकडे बघितलं. “खरंच कळणार नाही?”

“खरंच.”

“मग नको मॅडम. पण बाहेर सांगा, तुम्हीच मला नापास केलं.”

दुसरा तेच म्हणाला. तिसराही. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. शेवटी दिनेश आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, “ठराव मीच मांडलाय. आता मागे कसा फिरू?”

“मग मांडलात कशाला?”

“कोणीतरी विरोध करेल असं वाटलं होतं हो!”

मी कपाळावर हात मारून घेतला. “हे बघा, मी खोटं बोलणार नाही. मी काहीच बोलणार नाही.”

सगळ्यांना मी हेच सांगितलं होतं. तेवढं त्यांना पुरलं. बाहेर जाऊन प्रत्येकाने स्वतःला एकेक आजार लावून घेतला. कोणी किडनी घेतली, कोणी लिव्हर. दिनेश पडला सेक्रेटरी, त्याने हार्टच घेतलं. नारळ पिशवीत परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारात त्यांच्या बायका. पुढे दिनेशची ज्योती, डोळे रडून सुजलेले.

“मॅडम, यांच्या हार्टला काय झालंय? खरं सांगा. माझी पोरगी अजून शाळेतसुद्धा जात नाही हो.”

मला सगळं माहीत, आणि तोंडाला कुलूप. आमच्याकडे आलेल्याची गोष्ट त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. “मला काही सांगता येणार नाही,” मी म्हटलं. झालं! ती मटकन खाली बसली आणि बाकीच्यांनी गळे काढले. आम्ही विषाणूचा एक थेंबही वापरला नव्हता आणि अख्खं मंडळ आजारी पडलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की बाजूला जाऊन दिनेशला फोन लावला.

“तुम्हीच सांगा ना मॅडम.”

“तुमचं हार्ट, तुम्हीच सांगा. या ताबडतोब!”

आला बिचारा. मान खाली घालून म्हणाला, “मला काही झालेलं नाही. मी घाबरलो.”

“कशाला?”

“सर्दीला.”

ज्योतीने डोळे पुसले. मग जी भडकली! “रात्रभर पाय चेपले मी यांचे! आणि हे आपले ‘जरा वर, जरा वर’ करत होते!”

हे मी दोघांच्या परवानगीने लिहितेय, नावं बदलून. परवानगीही वेगवेगळी घेतली.

राग उतरल्यावर ती माझ्याकडे वळली. “पण हे असतं तरी काय?”

मी सगळं सांगितलं, त्रासासकट.

“आठवडाभर खोलीत एकटीच?”

“हो.”

“जेवण?”

“आम्ही देतो.”

“कोणी हाका मारणार नाही?”

“कोणालाच आत सोडत नाही.”

“नवऱ्यालापण?”

“नाही.”

“कुठे सही करू?”

आता अडले मीच. आमची एथिक्स कमिटी असते, लोकांचा गैरफायदा घेतला जात नाही ना हे बघणारी. पैसे जास्त दिले तर ते आमिष ठरतं, म्हणून कमिटीने त्यावर भरपूर काथ्याकूट केला होता. मी कमिटीला विचारलं, आराम हे आमिष धरायचं का? पुरुष सभासद हसले. दोघी बायका होत्या, त्या हसल्या नाहीत. ठरलं असं, की तिने घरी जाऊन नीट विचार करावा आणि मग वाटलं तर यावं.

ती आली, बॅग भरूनच. तपासण्यांत पास झाली. ताप आला, नाक गळलं, कण्हली, बरी झाली. घरी जायच्या दिवशी दिनेश पोरीला कडेवर घेऊन न्यायला आला. दाढी वाढलेली, शर्टावर वरणाचे डाग.

ज्योती दारात थांबली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मॅडम, अजून कुठल्या रोगाचं आहे का हो?”