चिपचा डेमो प्लॉट

दुकान सुटलं की खोकी मागे राहतात, किस्से मात्र बरोबर येतात! जालन्यातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे माझ्याकडे ढीगभर साठलेत.

मालक भाऊ. आधी बियाणं विकायचे. नव्याण्णव साली त्यांनी एका धाकट्या कंपनीच्या प्रोसेसर चिपची एजन्सी घेतली. चिप मोठ्या कंपनीच्या तोडीची, भाव पाऊणपट. अट एकच: दिवाळीपर्यंत ही चिप घातलेली पंचवीस मशीनं खपली पाहिजेत, नाहीतर एजन्सी गेली. म्हणजे मशीन जोडणारा मीही घरी!

*

पहिलं गिऱ्हाईक परतूरचे कापसाचे अडते. भाव ऐकून उठलेच. "एवढं सस्तं? सस्तं बियाणं उगवत न्हाई, भाऊ!"

भाऊंनी भाव दोन हजारांनी वाढवला आणि तेवढ्याचाच यूपीएस फुकट दिला. आठवड्याने अडते परत आले. "आता बराबर झालं!" म्हणाले आणि मशीन घेऊन गेले.

*

मोठ्या कंपनीची जाहिरात टीव्हीवर दिवसातून दहादा. आमची एकच, भाऊंच्या मेहुण्याच्या ट्रकवर मागे रंगवलेली. महिनाभर कोणी फिरकलं नाही.

भाऊंनी विचारलं तर मेहुणा खुशीत. "लई लोकं वाचून राह्यले, दाजी! गाडी महिनाभर रायपूरलाच होती ना!"

*

मग भाऊंना बियाण्याचे दिवस आठवले. "दोन वाण शेजारी पेरायचे आन् गप बसायचं. बघणारा बघून ठरवतो."

काउंटरवर दोन मशीनं मांडली, एकात मोठ्या कंपनीची चिप, एकात आपली. दोन्हींचे स्टिकर कापडाने झाकले. डावं आपलं, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

हसनाबादच्या एका मास्तरांनी दोन दिवस बसून दोन्हींवर अख्ख्या शाळेची मार्कलिस्ट टाइप केली. घेतलं काहीच नाही! "डावं जल्दी चालतंय," एवढं सांगून गेले. पुढच्या आठवड्यात शाळेने चार मशीनं नेली. मास्तरांचे उपकार मोठे.

*

दिवाळीला चार दिवस उरले, चोवीस खपलेली. माझा चेहरा बघून भाऊ म्हणाले, "एजन्सी गेली तर गेली. तू कुठं जाऊन न्हाई राह्यला. मंग दोघं मिळून बियाणं विकू."

असा मालक मिळायला नशीब लागतं. मला ते मिळालं.

*

त्याच दुपारी मोठ्या कंपनीचे औरंगाबादचे सेल्सवाले साहेब आले. भरल्या दुकानात त्यांनी दोन्ही मशीनं चालवली आणि डाव्यावर थाप मारली. "बघा! आमची चिप झाकून झाकत नाही!"

मी कापडाला हात घातला. भाऊंनी तो धरला. "साहेबांना चहा सांग."

चहा झाला. गिऱ्हाइकं पांगल्यावर साहेबांनी हळूच कापडाचं टोक उचललं, पाहिलं आणि परत नीट सोडलं. मग निरोप घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, ते डावं मशीन माझ्या मुलीसाठी घरी पाठवा. कापडासकट!"