गाडीच्या मधला कापूस

आमच्या घरात कुणाच्या बोलण्यावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. मिरचीवाला आला तर माय पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या लालभडक मिरच्यांकडे बघतसुद्धा नसे. सरळ कोपरापर्यंत हात आत घाली आणि मधली मूठ बाहेर काढी. पाहुणा 'जेवूनच निघालो' म्हणाला तर आधी त्याच्या ओठांकडे बघे, मग ताट वाढे. मीही तशीच निघाले. खाण तशी माती, दुसरं काय.

हे सगळं ती कापसाच्या गाडीवरून शिकली होती. तापीकाठच्या आमच्या गावातून जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, गाडी निघाली की वर पांढराशुभ्र फुललेला कापूस असे, आणि मधे काय असे ते देव जाणे आणि गाडी भरणारा जाणे. किडका, पिवळा पडलेला, नीट न फुललेला कापूस, ज्याला कवडी म्हणतात, तो मधेच जिरवायचा ही गावाची रीत. व्यापारीही दूधखुळा नसे. तो गाडीवर चढून मधोमध हात खुपसायचा, मूठभर कापूस ओढून काढायचा आणि चिमटीत ताणून बघायचा. आबा, म्हणजे माझे वडील, तेवढा वेळ आभाळाकडे बघत उभे राहत. घरी आले की व्यापाऱ्याला शिव्या घालत. माय मात्र त्याच्यावर खूश असे. "वरलं कोनबी दखाडस," ती म्हणे. "मझारलं काढाले जोयजे." वरचं कुणीही दाखवतं, आतलं काढलं पाहिजे.

साठ साल नुकतंच मागे पडलं होतं. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचा. गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात, शेतांमधून चालत जायचं. माझ्या बरोबरीच्या बहुतेक मुलींना सातवी होता होता हळद लागली. मला आबांनी आठवीत घातलं, पण अट घालून. "नापास व्हयनी का शाळा बंद. मंग पाव्हना दखसूत." पाव्हना म्हणजे नवरा. अट ऐकून मला तेव्हाच वाटलं की मी नापास व्हावं असं यांच्या मनात आहे. उगाच कोण अट घालतं? शाळा मला फार आवडत होती अशातला भाग नाही. पण आदल्या वर्षी लग्न होऊन गेलेली माझी मैत्रीण सणाला माहेरी आली होती आणि माझ्याशी काही बोललीच नव्हती. नुसती बसून राहिली होती. त्याची मला फार भीती बसली होती.

आता आमच्याकडे अभ्यास म्हणजे काय, ते सांगायला हवं. अभ्यास म्हणजे मोठ्यानं वाचणं. पोथी मोठ्यानं, पाढे मोठ्यानं, कुणाचं पत्र आलं तर तेही ओट्यावर उभं राहून मोठ्यानं. डोळे पुस्तकात आहेत आणि तोंड हलत नाही, अशा माणसाला आमच्या गल्लीत वाचणारा म्हणत नसत. तो एकतर झोपलाय नाहीतर काहीतरी लपवतोय. दिवेलागणीला मी कंदिलाजवळ बसून सुरू करी. आबा ओट्यावर, माय चुलीपाशी. दोघांनाही अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट होते. आवाज जरा खाली आला की आतून येई, "काय वं, झोपी गयी का?" की मी पुन्हा वर चढवी. समोरच्या घरातली म्हातारी कौतुकानं ऐकत बसे.

हायस्कूलमध्ये पुण्याकडून आलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, आठवीत आलात, आता मनात वाचायला शिका. मी घरी येऊन एकदा मनात वाचायला बसले. माय हात पुशीत आली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटं धरून झटकलं. पानांत काही दडवलंय का ते बघितलं. काहीच पडलं नाही, तेव्हा तिचा संशय आणखीच वाढला. मी परत मोठ्यानं वाचू लागले. तसं वाचायला सोपंही होतं. तोंड आपोआप चाले आणि डोक्याला सुट्टी असे.

सहामाहीत मी गणित, विज्ञान आणि इंग्रजी अशा तीन विषयांत आपटले.

आबा माझ्यावर नाही, शाळेवर चिडले. सगळ्या गल्लीनं रोज ऐकलंय, मग पोरगी नापास होतेच कशी? नक्की कुणाच्या तरी पोराचा पेपर हिच्या नावावर घातला असणार. एवढ्यावरून मला वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. शाळेवरच्या संशयाचा फायदा मला झाला, म्हणून मीही त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

मग एका रविवारी त्या बाईच आमच्या गावात आल्या. आठवीच्या मुलांच्या घरोघरी जाऊन आईबापांशी बोलायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. हातात पिशवी, अंगावर शहरी पातळ, एकटी बाई. गावानं ओळखलं की देवी टोचायला आली. गल्लीतली दारं लागली आणि लहान पोरं कणग्यांमागे गेली. आमचं दार उघडं राहिलं, कारण माय दार लावून घेणाऱ्यांपैकी नव्हती. ती बघून घेणाऱ्यांपैकी होती.

बाईंना खाटेवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. त्यांनी आबांना विचारलं, "तुम्ही हिच्याकडून मोठ्यानं वाचून घेता का?"

"रोज," आबा अभिमानानं म्हणाले.

"ते बंद करा. तिला मनात वाचू द्या. मग पुस्तक मिटून तिनं तुम्हाला सांगायचं, काय वाचलं ते. तुमच्या बोलीत."

माय दारामागून म्हणाली, "माले काय समजस? मी ते अंगठा मारनारी."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला समजलं नाही तर तिलाही आलेलं नाही, असं समजा. तुम्हाला समजेपर्यंत तिला सोडू नका."

बाई गेल्या आणि घरात चर्चा सुरू झाली. दुसऱ्याच्या पोरीसाठी कुणी उन्हातान्हात फुकट चालतं का? आबांना वाटलं, हिच्या पदरी कुणी लग्नाचा भाऊ असावा. मायचं मत वेगळं होतं. "हाई बाई सोतानं काम मन्हा गळामा टाकी ऱ्हायनी." स्वतःचं काम माझ्या गळ्यात टाकतेय. मला दोघांचंही पटलं. बाईंना आमच्याकडून काय हवं होतं, ते माय शेवटपर्यंत शोधत राहिली, पण तिला काही सापडलं नाही.

तरी मायनं बाईंनी सांगितलेलं करून बघितलं. मला वाटतं, बाईंना खोटं पाडायलाच. दुसऱ्या दिवशी मी हवेचा धडा मनात वाचला, पुस्तक मिटलं आणि चुलीपाशी जाऊन सांगू लागले. पहिलं वाक्य पाठ होतं ते म्हटलं, दुसरं म्हटलं. माय भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "हाई वरलं शे. मझारलं सांग."

मधलं मी सांगितलं, हवेला वजन असतं.

"हवाले वजन शे ते माले का लागत नही? घागरनं लागस. मोळीनं लागस."

धडा मोठ्यानं कितीदातरी म्हटला होता, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "कवडी."

मला असा राग आला की त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. सकाळी शाळेत बाईंपाशी गेले आणि मायचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आठवीत आल्यापासून वर्गात मी विचारलेला तो पहिला प्रश्न. बाई म्हणाल्या, हवा सगळ्या बाजूंनी दाबते आणि आपल्या आतूनही तेवढीच बाहेर दाबते, म्हणून कळत नाही. संध्याकाळी हे मायला सांगितलं. तिनं पीठ मळता मळता थोडा विचार केला. "म्हंजे मझारतूनबी दाबस," ती म्हणाली आणि पुढच्या धड्याकडे वळली. ते तिच्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्रक होतं.

पुढे हे रोजचं झालं. बीजगणितातल्या 'क्ष'वर तिचा जरासुद्धा विश्वास नव्हता. "नाव नही, गाव नही, त्याना पत्ता कसा लागी?" तो पत्ता कसा लागतो हे तिला पटवून देताना मला समीकरणं यायला लागली. इतिहासातला एखादा राजा उदार होता म्हटलं की ती विचारी, कुणाच्या जिवावर? मी जिथं घाईनं पुढं सरके, तिथंच तिचा हात पडे. समोरची म्हातारी मात्र उदास झाली. पोरीचा आवाज येईनासा झाला, पोरीनं शाळा सोडली वाटतं, असं तिनं गल्लीत सांगितलं.

वार्षिक परीक्षा जवळ आली आणि आता मला घरच्यांचा संशय येऊ लागला. आबा दोनदा धुतलेली टोपी घालून बाहेरगावी जाऊन आले, पण कुठं गेलो ते बोलले नाहीत. मायनं ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, कसर लागते. वर्षभर न लागलेली कसर हिला आत्ताच कशी दिसली? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढे दिवस ही मला चुलीपाशी बसवून धडे विचारते आहे, ते मी पास व्हावं म्हणून नाही. शिकलेली सून म्हणून मला दाखवायचं आहे. व्यापारी गाडीवर चढायच्या आत हीच वरचा थर लावते आहे. मला माय इतकी परकी कधीच वाटली नव्हती. मी रडले, पण गोठ्यात जाऊन, कारण घरात रडले असते तर तिनं कारण विचारलं असतं.

आणि पाहुणे आलेच. मुलाचे वडील आणि चुलते. चांगली बैलजोडी, चांगली छकडी, बोलणं तुपासारखं. आबांची कळी खुलली. मी चहा नेऊन ठेवला आणि आत येऊन मायच्या बाजूला, दारामागे बसले. बायकांनी पाहुण्यांसमोर बसायची रीत नव्हती. मुलाचे वडील म्हणत होते, "शाळानी काळजी नको. पोर जितलं शिकी तितलं शिकाडसूत."

आबांनी खुशीत मान हलवली. बोलणं तिथंच संपायचं. पण माय दारामागून बोलली.

"हाई वरलं झायं. आते मझारलं सांगा."

आबा खाकरले. मायनं तिकडे लक्ष दिलं नाही. "तुमना गावमा शाळा कितलीलोंग शे?"

"चौथीलोंग," चुलते म्हणाले. म्हणजे चौथीपर्यंतच.

"मंग तिले पुढे कोन सोडी?"

कुणीतरी सोडेल, घरात माणसं काय कमी आहेत, असं काहीसं उत्तर आलं. मायनं पुढं विचारलं, घरात आहेत त्या सुनांपैकी वाचणारी कोण? मोठी सून सातवी झालेली आहे, असं मुलाचे वडील चटकन म्हणाले. तिचा त्यांना अभिमानही असावा.

"तिना हातमा पुस्तक कव्हय ऱ्हास?" म्हणजे कधी असतं.

"काम आवरीसनी वाचस ती."

"आनी काम कव्हय आवरस?" मायनं विचारलं.

छकडीच्या बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. पाहुणे जेवले, पान खाल्लं, 'कळवतो' म्हणाले आणि गेले. कळवायला कुणी येणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

छकडी वळणावरून दिसेनाशी झाली तसे आबा आत आले. इतकं रागावलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. "तू मन्ही इज्जत काढी," ते मायला म्हणाले.

"कवडी व्हती," माय म्हणाली. मग लुगड्याचा पदर सारखा करत तिनं सांगितलं की परीक्षा होईपर्यंत या घरात पाहुणा येणार नाही. पास झाली तर त्यानंतरही नाही. आबा ओट्यावर जाऊन एकटेच बसले. कापूस तपासून घ्यायची ही रीत त्यांच्या चांगल्या ओळखीची होती, त्यामुळे त्यांना फारसं बोलताही येईना.

मला वाटलं, सुटले. मी हसत मायच्या जवळ गेले. पण ती हसली नाही. चुलीपाशी बसली, लाकडं पुढं सरकवली आणि माझ्याकडे वळून मघाशी पाहुण्यांना विचारलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "आते तू सांग. तुले शिकनं शे, का नुसतं लगीन टाळनं शे? वरलं नको सांगू."

वरचं माझ्याकडे पुष्कळ होतं. मास्तरीण होईन, नाव काढीन, म्हातारपणी तुम्हाला सांभाळीन. बाई वर्गात सांगत ते सगळं. पण तिचे डोळे बघून ते माझ्या तोंडून निघेना. लग्नाची भीती होती, ती खोटी कशी म्हणू? ती थांबली होती. भाकरीचं पीठही घेतलं नव्हतं.

"तुले सांगस तव्हय माले समजस," मी शेवटी म्हटलं. तुला सांगते तेव्हाच मला कळतं. "तठे सासरले गयी ते मी कोनले सांगू?"

मायनं माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, मिरचीची मूठ बघावी तसं. मग परात पुढं ओढली, तिच्यात पीठ घेतलं आणि पाणी ओतता ओतता विचारलं,

"मंग आज कोनता धडा शे?"