सासऱ्यांचं नाव कोण घेणार

वकिलीत माझी निम्मी हयात ‘साहेब, हे ऐकीव आहे’ असं ओरडण्यात गेली. साक्षीदार ‘अमक्यानं मला सांगितलं’ म्हणाला रे म्हणाला, की मी उभी. त्यामुळे घाटघरच्या बाजूच्या एका वाडीतल्या बाईचं वकीलपत्र घेतलं, तेव्हा घरचे सगळे माझी फिरकी घ्यायला लागले. तिच्याकडे ऐकिवाखेरीज काहीच नव्हतं.

वाडी धरणाच्या पाण्यानं वर सरकलेली. खालची घरं बुडाली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी जंगलाच्या कडेला झोपडी घातली आणि उतारावर नाचणी पेरायला सुरुवात केली. जमीन मात्र वनखात्याची. कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून हे घर ती जमीन कसत होतं असं पटलं, तर हक्क मिळणार. नाही पटलं, तर पुन्हा बोचकं उचलायचं. बाई लग्न होऊन आली ती त्या तारखेनंतर. सासरे गेले, नवरा गेला, वाडीतली जाणती माणसंही गेली. राहिलं ते सासऱ्यांनी तिला सांगितलेलं.

घरदार सोडून आलेल्या माणसानं पुरावा आणायचा कुठून? देश सोडून पळालेल्यांच्या आश्रयाच्या दाव्यांतही हाच पेच असतो. पाणी चढत असताना कोणी साक्षीदार गोळा करत बसतं का? माझं म्हणणं एवढंच, की ऐकीव आहे म्हणून फेकून देऊ नका आणि डोळे मिटून गिळूही नका. कोणी सांगितलं, कधी, कशासाठी, खोटं सांगून त्याला काय मिळणार होतं, हे विचारा.

प्रांतसाहेबांपुढं सुनावणीत मी हे घोळवून घोळवून मांडलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि बाईला विचारलं, “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सासऱ्यांनी.”

“त्यांचं नाव?”

बाई गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती पदर सावरून खाली बघत राहिली. कारकुनाचा चेहरा असा झाला, जणू सासराच बनावट असावा. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अहो, ती सासऱ्यांचं नाव घेणार कशी? रेशनच्या दुकानातसुद्धा ती शेजारणीला सांगायला लावते. आणि मी सांगावं, तर वकिलानं साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालायचे नसतात.

बाई मागं वळली. तिच्या वाडीचा तिथं एकच माणूस होता. तो तिचा शेजारी, आणि त्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. उतारावरच्या मधल्या पट्ट्यावर त्यानंही दावा लावला होता, म्हणून तो आलेला.

“भाऊ, सांगा की,” ती म्हणाली.

त्यानं उठून नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट.

साहेबांनी मग त्यालाच धरलं. “मधला पट्टा तुमचा म्हणता. तुम्हाला काय माहीत आहे?”

तो घुटमळला. “मी तवा नारायणगावला मार्केटात व्हतो साहेब. गावाकडं आलो का राबाला टहाळ तोडाया जायाचो.”

भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजतात, तो राब. त्याला फांद्या लागतात, आणि कोणत्या घरानं कोणती झाडं तोडायची हे वाडीत ठरलेलं असतं.

“मधल्या पट्ट्यातल्या ऐनाला कोयता लावला, तर आमचा म्हातारा लई चिडला. म्हणला, ती झाडं हिच्या सासऱ्यांची, पेरत्यात बी त्येच.”

“कधीची गोष्ट?”

“माझी थोरली झाली त्या वर्साची. आता तिचं लगीनबी झालं.”

साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. तारखेच्या चांगलं आधीचं होतं. “अहो, पण यानं तुमचा दावा जाईल.”

“नाव घेतलं न्हवं का मी त्यांचं? नाव घेऊन खोटं कसं बोलू?”

हेही ऐकीवच, पण सांगणाऱ्याचं नुकसान करणारं. त्या क्षणी कोणी हरकत घेतली असती, तर मी त्याचं तोंड दाबलं असतं.

मंजुरीचा कागद आला, तेव्हा बाई महाळुंगे पडवळला माझ्या घरी आली. मी तो वाचून दाखवला आणि मला इतकं हलकं वाटलं, की चहात साखर घालायचीच राहिली. तिनं तो तसाच पिऊन टाकला.

“आता सून आली का तिला सांगीन,” ती म्हणाली, “हितनं हलायचं न्हाई म्हणून.”

“आणि तिला कोणी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं, तर?” मी चिडवलं.

“माझं नाव घे म्हणंन,” ती म्हणाली. “मला चालंल.”