घरी कोण कोण?

बारा फेब्रुवारी. काम: व्हिसाचा फोटो पुन्हा काढणे. आधी दुसरीकडे काढलेला फोटो हसरा म्हणून परत आला होता आणि तिकडे लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं.

कृष्णपुऱ्यातले फोटोवाले मला वीस वर्षं माहीत आहेत, नाव मात्र माहीत नाही; सगळ्यांसारखी मीही त्यांना 'भिया', म्हणजे भैया, म्हणते. ते गिऱ्हाइकाची कॉलर नीट करतात आणि कॅमेऱ्याकडे जाता जाता विचारतात, "घरी कोण कोण?" माणूस सगळ्यांची नावं घेतो, नावं संपली की तोंड मिटतो, चेहरा शांत होतो. नेमकं तेव्हा ते बटण दाबतात.

"मीच," मी म्हणाले. ते अजून कॅमेऱ्यापर्यंत पोचलेही नव्हते.

"ऐसा नहीं चलेगा, ताई. चेहरा एकदम उतरला. व्हिसाचा फोटो म्हणजे बेटीकडे चाललात ना? तिथे कोण कोण?"

"लेक, जावई, त्याची आई. आणि आता बाळ येईल." मी तोंड मिटलं. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज देऊन परतताना मी दुकानात डोकावले. "भिया, तुमच्या घरी कोण कोण?"

त्यांचंही उत्तर एका शब्दात संपलं. मी स्टुलावर बसले आणि त्यांना दोन चहा सांगायला लावले.