एसीत वाढलेली बुरशी

प्लेट सलग तिसऱ्यांदा कोरी निघाली. गावाला पोचलेल्या पाकिटातली चिमूटभर बुरशी आम्ही या काचेच्या बशीत वाढवून बघतो; आमच्या धंद्यात कोरी प्लेट म्हणजे मेलेला माल.

सिंदी मेघेच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही ट्रायकोडर्मा बनवतो. ही चांगली बुरशी. तूर-कपाशीच्या मुळाशी राहून रोगाच्या बुरशीला पाय रोवू देत नाही. पेरणीआधी लागते, म्हणून पाकिटं मेमध्येच गावोगाव जातात. आणि वर्ध्याचा मे!

साहेब वैतागले. "मेमधलं डिस्पॅच बंद. पॅकिंगच्या बायकांना आता पुढच्या हंगामात बोलवा."

म्हणजे वंदनाताई घरी. पिपरी मेघेहून पॅकिंगला रोज सायकलने येणारी ही बाई हे ऐकून गप्प बसणार थोडीच!

"मॅडम, तुमी तिले एसीत वाढवून राह्यल्या आन् मंग एकदम एसटीच्या डिक्कीत टाकता. मरन नाई त काय होईन? नव्या सुनेले बी आमी आदी सकाळच्या उन्हातच निंदाले नेतो."

मी कपाळावर हात मारला. एम.एस्सी.ला यावरच मी पानंच्या पानं लिहिली होती! पेशीतली प्रथिनं घडी घातलेल्या कपड्यांसारखी असतात. उष्णतेने घडी विस्कटते. ती पुन्हा बसवणारी वेगळी प्रथिनं असतात, त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. त्यांची जीन्स बुरशीकडे असतातच, पण एरवी बरीचशी सुस्त पडून राहतात. थोडी ऊब दिली, की जोरात कामाला लागतात.

आम्ही पाकिटं दोन तास अडतीस डिग्रीला ठेवली, मग भट्टीसारख्या गरमीत. तीन दिवसांनी प्लेट हिरवीगार! मी लॅबमध्ये चक्क टाळ्या पिटल्या.

आनंदाच्या भरात शुक्रवारीच सगळी पाकिटं उबवून टाकली आणि सोमवारच्या गाडीपर्यंत एसीत ठेवली. वर शहाणपणा म्हणून सोमवारी एक पाकीट पुन्हा भट्टीच्या गरमीत ठेवून तपासायला घेतलं आणि तोवर गाडी थांबवली. तीन दिवसांनी प्लेट कोरी.

"आता परत एसीत काऊन ठेवलं?" वंदनाताई म्हणाल्या. "महिनाभर माहेरी राह्यली की आमची बी सवय जाते."

खरंच होतं. ही ताकद टिकाऊ नसते. मग ठरलं, उबवायचं ते गाडीच्या दिवशी सकाळीच, आणि ते काम वंदनाताईंचं. तसं सकाळी उबवलेलं एक पाकीट भर दुपारच्या एसटीने आर्वीला पाठवून परत मागवलं. त्याची प्लेट उघडली तेव्हा ती इतकी हिरवी होती, की वंदनाताई आणि मी एकमेकींच्या गळ्यातच पडलो.

साहेब म्हणाले, "डिस्पॅच चालू. एकाही बाईला घरी पाठवू नका." आणि उत्साहाने गाडी भरताना बघायला भर दुपारी एक वाजता एसी केबिनमधून अंगणात आले. पाच मिनिटांत घेरी येऊन खोक्यावर बसले.

वंदनाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "साहेब, उद्या सकाळी आठले येजा. तुमाले बी दोन तास उबवतो."

साहेब आले. आठ वाजता, टोपी घालून.