बाबांचे आवाज टाइप करताना

मोबाईलवर उच्चारांची चिन्हं टाइप करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मी गोंदियाच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. फळ्यावर हीच चिन्हं काढायला मला आवडतं. उलटा ई, शेपटीवाला टी, लांब स्वरापुढची दोन टिंबं, सगळं खडूने झरझर उतरतं. मोबाईलने मात्र मला त्यांची शिसारी आणली.

कारण बाबा. पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, वाचा मात्र गेली. नागपूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी व्यायाम लावून दिले. सुरुवातीला आम्ही आवाज रेकॉर्ड करून पाठवायचो. पण मुर्री गावातल्या आईबाबांच्या घराला लागून राईस मिल आहे. रेकॉर्डिंगमध्ये बाबांपेक्षा तीच जास्त बोलायची. मग बाई म्हणाल्या, तुम्हाला चिन्हं येतात ना, बाबा जसा आवाज काढतील तसाच्या तसा लिहून पाठवा, म्हणजे कुठलं अक्षर परत येतंय ते मला कळेल. मला तेव्हा अभिमानच वाटला होता. कशाचा, देव जाणे.

रोज कॉलेजच्या आधी मी कुडव्यातल्या माझ्या घरून गाडीने मुर्रीला जायचे आणि बाबांच्या खाटेशी मोबाईल घेऊन बसायचे. चिन्हांसाठी वेगळा कीबोर्ड टाकला होता, फुकटातला. चार चिन्हं झाली की जाहिरात. एकदा केस गळतीचं तेल, एकदा रमी. बाबा 'पाणी' म्हणायला जायचे, ओठ जुळायचे आणि निघायचं नुसतं 'आणी'. मी तो शेपटीवाला एन शोधेस्तोवर त्यांचा दुसरा प्रयत्न होऊन गेलेला असायचा, आणि मी म्हणायचे, परत एकदा बाबा. त्यांच्या कपाळावर घाम यायचा. टिंबांपुढे चुकून कंस पडला तर तो कीबोर्ड आपल्या मनाने हसरा चेहरा काढायचा. माझ्या बापाच्या तुटक्या 'आ'पुढे दात काढणारं ते पिवळं तोंड! मोबाईल विहिरीत फेकावासा वाटायचा.

त्याहून जास्त किळस मला माझीच यायची. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात, तसा मी त्यांच्या तोंडातला एकेक आवाज मोडून बघत होते. बाबांना माझा चेहरा दिसतच नव्हता. दिसायचा तो माझ्या डोक्यावरचा भांग.

शेवटचा व्यायाम नावांचा होता. घरातलं सगळ्यात जवळचं माणूस समोर बसवायचं आणि विचारायचं, हिचं नाव काय? जवळचं माणूस म्हणजे आई. बाकी शब्दांना बाबा निदान झटायचे. इथे मात्र ते ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायचे. आई तर पदर सावरत उठूनच जायची.

"कायले त्याइले तरास देऊन राहिली व? मी नाई बसत इथं."

"आई, बाईनं सांगितलं आहे."

"त्या बाईले का समजते?"

मी चिडून तिला परत बसवायचे. आणि बाईंना रोज लिहायचे, काहीच नाही.

तिकडून उत्तर आलं, जवळचं नावच येत नसेल तर शब्दांचा नाद सोडू या. पुढच्या भेटीपर्यंत बघते, नाहीतर चित्रांचा तक्ता देते. हवं त्या चित्रावर त्यांनी बोट ठेवायचं. तक्त्याचा फोटोही सोबत होता. भूक लागली की ब्रेडचा तुकडा. आंघोळीला शॉवर. जन्मभर भात खाल्लेल्या आणि विहिरीवर आंघोळ केलेल्या माणसाने आता ब्रेडवर बोट ठेवून जेवण मागायचं. मुकाट बोट दाखवणारे बाबा मला नको होते.

म्हणून दुसऱ्या सकाळी मी हटूनच बसले. अंगणात धान वाळत घातलेलं होतं. आई घरामागे भांडी घासत होती.

"बाबा, आईचं नाव सांग ना गा. एकदाच."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी मान खाली घालून 'काहीच नाही' लिहायला घेतलं. तेवढ्यात फाटक ढकलून कोणाची तरी गाय आत आली आणि तिने सरळ धानात तोंड घातलं. मला पत्ता नाही. भिंतीवरून नजर वळवून बाबांनी दारातून बघितलं.

आणि बाबा ओरडले. आधी माझं नाव, त्याला जोडून 'माय'. पहिलं अक्षर गिळलेलं, बाकीचं लख्ख.

मी जन्मल्यापासून ते आईला असंच बोलावत आले आहेत. थोरल्या लेकराचं नाव आणि पुढे माय. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. बाबांनी ते धडधाकट असतानाही कधी घेतलं नाही, आणि मी रोज सकाळी तेच मागत बसले होते. घरातली मी! बाईंचं सोडा, त्या नागपूरच्या.

"आली, आली!" म्हणत आई राखेच्या हातांनी धावत आली, खराटा उचलला आणि निम्म्या अंगणात थबकली. हाक कोणी मारली ते तिला तेव्हा कळलं. गाय खात होती. आईला तिला हाकलायचं सुचेना.

आणि माझा अंगठा? तो कीबोर्डवर दोन टिंबं शोधत होता. सवय, दुसरं काय. शोधताना वर बघितलं तर बाबा माझ्याकडेच बघत होते.

"ठेव," ते म्हणाले.

मी मोबाईल ठेवला. बाईंना नंतर साध्या मराठीत कळवलं की तक्ता नको, आणि का नको तेही. त्या हाकेची चिन्हं मात्र मी कुठेच लिहिली नाहीत.

आईने गाय फाटकाबाहेर काढली, डोळे पदराला पुसले आणि भांड्यांकडे वळली. तशी बाबांनी पुन्हा हाक मारली, माझं नाव आणि पुढे माय.

"का पायजे?" आईने विचारलं.

त्यांना काहीच नको होतं.